प्रयुक्त : पुरुष, वय छप्पन्न

आभार सुरुवातीलाच मानून घेतो. शेवटी मानलेले आभार कुणी ऐकत नाही, तोवर लोक चपला शोधायला लागलेले असतात. माझ्या मुलीला मानसशास्त्राची पदवी मिळाली त्या दिवसापासून ती नोकरीला लागेपर्यंत साधारण महिनाभर गेला. त्या महिन्यात ज्या ज्या लोकांनी मला थांबवून, घरी येऊन, किंवा जिन्यात अडवून सल्ला दिला, त्या सगळ्यांचा मी मनापासून ऋणी आहे. त्यांतला एकही सल्ला कामी आला नाही. पण माणसं आपला वेळ खर्च करून आपल्या मुलीचा विचार करतात ही काही लहान गोष्ट नव्हे, आणि मी ती विसरणार नाही. माझ्या स्मरणशक्तीबद्दल पुढे बरंच काही येणार आहे, तरीही हे वाक्य मी मागे घेत नाही.

महिनाभरच का, ते सांगतो. मी पाणीपुरवठा कार्यालयात आवक-जावक विभागात लिपिक आहे. बाहेरून आलेल्या कागदावर क्रमांक टाकून तो आत पाठवायचा, आतून आलेल्या कागदावर क्रमांक टाकून तो बाहेर पाठवायचा, हे माझं काम. गेली एकतीस वर्षं मी ते करतो. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी झाली होती आणि साहेबांनी मला बोलावून सांगितलं, "कर्मचाऱ्यांच्या मुलांना प्राधान्य आहे. महिनाअखेर मुलीचा अर्ज द्या, पुढचं मी बघतो." घरात सगळ्यांना आनंद झाला. मुलगी म्हणाली, "बाबा, महिनाभर मी माझ्या विषयातलं काही मिळतं का ते बघते. नाही मिळालं तर एकतीस तारखेला अर्जावर सही करते. मला चालेल."

हे 'मला चालेल' माझ्या जिव्हारी लागलं. कारण मीही असाच 'चालेल' म्हणून त्या खोलीत जाऊन बसलो होतो. चाललं, नाही असं नाही. पण मी जन्मात कुठल्या विषयासाठी ताटावरचा घास हातात धरून बसलो नव्हतो. ही पोरगी तीन वर्षं पुस्तक वाचता वाचता जेवायची विसरत होती. तिने माझ्या शेजारी बसून कागदांवर आकडे टाकायचे, आणि समोरच्या भिंतीवरचा ओलीचा डाग वर्षावर्षाला कसा सरकतो ते बघत म्हातारं व्हायचं, हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. तिला त्या खुर्चीत बसू द्यायचं नाही असं मी ठरवलं आणि मोहीम हाती घेतली. तिने मला हे करायला सांगितलं नव्हतं, हेही नमूद करतो.

मानसशास्त्राची पदवी असलेल्या माणसाला लोक दोनच गोष्टी विचारतात. पहिली, "पुढे काय?" दुसरी, "बरं, माझ्या मनात आत्ता काय चाललंय सांग." वरच्या मजल्यावरच्या निवृत्त फौजदारांनी दोन्ही एका दमात विचारल्या आणि उत्तराची वाट न बघता सल्ला दिला, "तुरुंग! गुन्हेगाराला बोलतं करायचं. बत्तीस वर्षं मी हेच केलं." मुलीने उत्सुकतेने विचारलं, "कुठल्या पद्धतीने?" त्यांनी उजव्या हाताचा तळवा तिच्यासमोर धरला. तिने ते गंभीरपणे वहीत टिपून घेतलं.

समोरच्या काकूंचं म्हणणं, तिला कापडाच्या दुकानात ठेवावं. गिऱ्हाईक आत आलं की हे घेणारं आहे की नुसतं ठाण उलगडायला लावणारं, हे तिने खुणेने मालकाला सांगायचं. मला हे एकदम पटलं. मुलगी म्हणाली, "काकू, खरंच असं काम असतं. ग्राहकांचा अभ्यास करतात." मग तिने मला स्वतःची यादी दाखवली: शाळेत मुलांशी बोलण्याचं काम, कारखान्यात माणसं निवडण्याचं, जाहिरातींचं, संशोधनाचं, दवाखान्यातलं. यादी चांगली लांब होती. फक्त प्रत्येक नावापुढे तिने बारीक अक्षरात 'पुढचं शिक्षण हवं' किंवा 'अनुभव हवा' असं लिहिलं होतं. अनुभव नसल्यामुळे नोकरी नाही आणि नोकरी नसल्यामुळे अनुभव नाही. हा गुंता आमच्या कार्यालयातही आढळतो. तिथे आम्ही त्याला क्रमांक देऊन आत पाठवतो.

माझा मेहुणा जास्त व्यवहारी. तो म्हणाला, "भाऊजी, हल्ली सगळं एचआरमध्ये आहे," आणि ओळखीच्या एका कंपनीत तिची मुलाखत ठरवली. तिथल्या गृहस्थांनी तिला विचारलं, "एखाद्याला कामावरून काढायचं झालं तर त्याला वाईट वाटणार नाही अशा रीतीने सांगू शकाल?" ती म्हणाली, "वाईट वाटेलच. वाटायलाच पाहिजे." मुलाखत तिथेच संपली. मेहुणा दोन दिवस माझ्याशी बोलला नाही, आणि तेही एक प्रकारे बरंच झालं.

मग मी तिला घेऊन रोजगार नोंदणी कार्यालयात गेलो. खिडकीतला कारकून माझ्याच वयाचा होता. त्याच्या समोरच्या कागदांच्या गठ्ठ्याकडे बघून मला आपल्या माणसात आल्यासारखं वाटलं. त्याच्याकडे एकशे चौदा व्यवसायांची छापील यादी होती. त्याने 'म'वर बोट ठेवलं. मत्स्यव्यवसाय, मधमाशीपालन, मुद्रण. मानसशास्त्र नव्हतं.

"यादीत नाही," तो म्हणाला.

"मग आता?"

"नाही म्हणजे नोंद होणार नाही असं नाही. काम कशाशी येतं? यंत्रांशी, कागदांशी, की जिवंत?"

"जिवंत," मुलगी म्हणाली.

त्याने समाधानाने मान हलवली आणि अर्जावर शिक्का मारला: 'सत्त्याहत्तर. जिवंत प्राणी, इतर.' मी स्वतः कारकून असल्यामुळे मला ठाऊक होतं, एकदा पडलेला क्रमांक हलत नाही. तरी मी हात जोडले. तो म्हणाला, "वर्ग बदलून पाहिजे तर प्रात्यक्षिकं केल्याचा पुरावा आणा. तीन प्रती, साक्षांकित." त्याने हे इतक्या आपुलकीने सांगितलं की मी त्याचे आभार मानूनच बाहेर पडलो.

चौथ्या दिवशी सत्त्याहत्तर क्रमांकाला जागून मुलाखतीचं पत्र आलं, अंडी उबवणी केंद्राकडून. मी पत्र लपवणार होतो, पण ती गेली. तिथल्या व्यवस्थापकाने विचारलं, चार हजार कोंबड्या एकमेकींना टोचतात, काय कराल? तिने दीड तास उभं राहून कोंबड्या बघितल्या आणि कुठल्या कोपऱ्यात गर्दी झाली की टोचणं वाढतं ते त्याला कागदावर काढून दिलं. तो खूष झाला. मग म्हणाला, "आता एक पकडून दाखवा." तिला पकडता आली नाही. घरी आली तेव्हा तिच्या केसांत पिसं होती आणि चेहरा मात्र उजळला होता. "बाबा, मजा आली," ती म्हणाली. मला रडू आलं, पण मी ते पिसांमुळे आहे असं भासवलं.

आता पुराव्याची गोष्ट. मानसशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रयोग करून ते एका जाड वहीत लिहावे लागतात. त्या वहीला जर्नल म्हणतात. प्रयोग करणारा तो प्रयोगकर्ता, आणि ज्याच्यावर प्रयोग होतो तो 'प्रयुक्त'. बाकीच्या मुलांनी मैत्रिणींना वगैरे प्रयुक्त केलं. माझ्या मुलीने मला केलं, कारण मी रोज सहाला घरी येतो आणि नंतर कुठे जात नाही. तीन वर्षांत चौतीस प्रयोग झाले. कधी आरशात बघून चांदणी गिरवायची, कधी घंटी वाजली की बटण दाबायचं, कधी दहा शब्द ऐकून परत सांगायचे. मी ते सगळं केलं. तिने काय लिहिलं ते मात्र मी कधीच वाचलं नव्हतं. डॉक्टर आपल्याबद्दल काय लिहितो ते तरी आपण कुठे वाचतो?

प्रयुक्ताचं नाव गुप्त ठेवायचं असा शास्त्राचा कडक नियम आहे. तिने तो काटेकोरपणे पाळला होता. नाव कुठेही नव्हतं. शेवटच्या वर्षीच्या प्रत्येक पानावर फक्त इतकंच होतं: 'प्रयुक्त : पुरुष, वय छप्पन्न, व्यवसाय आवक-जावक लिपिक.' आधीच्या वर्षांच्या पानांवर वय तेवढं कमी होतं, बाकी काही फरक नव्हता.

झेरॉक्सच्या दुकानदाराने पहिलं पान यंत्रावर ठेवलं, वाचलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "काका, हे तुम्ही का?" मी काही बोलायच्या आत त्याने रांगेतल्या लोकांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचायला सुरुवात केली. "प्रयोग अकरा, स्मरण. प्रयुक्ताने दहापैकी चार शब्द सांगितले. पाचवा शब्द म्हणून स्वतःच्या मेहुण्याचे नाव सांगितले व ते यादीत होतेच असा आग्रह धरला." पान उलटलं. "प्रयोग सोळा, आरशातील चांदणी. प्रयुक्ताची पेन्सिल त्रेचाळीस वेळा रेषेबाहेर गेली. प्रयुक्ताने प्रथम आरशाला दोष दिला, नंतर टेबलाला." आणखी एक पान. "प्रयोग एकवीस, एकाग्रता. प्रयुक्त झोपला. वेळ : चार मिनिटे दहा सेकंद." रांगेतल्या एका बाई म्हणाल्या, "दमून आले असतील हो." त्या बाई कोण होत्या मला माहीत नाही, पण त्यांचं भलं होवो.

मग साक्षांकन. ते आमच्या साहेबांनाच करायचं होतं. त्यांनी चहा मागवला आणि जर्नल अथपासून इतिपर्यंत वाचलं. मधेच दोन विभागप्रमुखांना आत बोलावलं. प्रयोग अकरापाशी ते कपाळावर हात मारून म्हणाले, "म्हणजे ती कालव्याची फाईल अशी गेली होय!" प्रत्येक प्रतीवर त्यांनी हसत हसत सही केली. त्या दिवसापासून कार्यालयातले लोक माझ्याशी बोलताना प्रत्येक गोष्ट दोनदा सांगतात, सावकाश. माझी एवढी काळजी यापूर्वी कुणीच घेतली नव्हती.

दुकानदाराकडे खराब झालेल्या प्रती उरल्या होत्या. कागद वाया घालवायचा नाही असा त्याचा स्वभाव असल्यामुळे त्याने त्या पाठकोऱ्या म्हणून वापरल्या. समोरच्या काकूंना विजेच्या बिलाची प्रत मिळाली तिच्या पाठीवर माझी चांदणी होती. फौजदारांच्या वाट्याला एकाग्रता आली. काकूंनी दारात थांबवून मला धीर दिला, "अहो, झोप आली की झोपावं माणसानं. त्यात लाजायचं काय?" फौजदारांनी खांद्यावर हात ठेवला आणि नुसतेच उभे राहिले. एवढं करून तीन प्रती खिडकीत दिल्या, तर कारकून म्हणाला, "वर्ग बदलायला तीन महिने लागतात." आमच्याकडे तेरा दिवस उरले होते.

आणि दुसऱ्याच दिवशी माझ्या टेबलावर एक पाकीट आलं. एकतीस वर्षांत हजारो कागद माझ्या हाताखालून गेले, पण घरी न्यावासा वाटलेला हा पहिलाच. गावाबाहेरच्या एका पुनर्वसन केंद्राने आमच्या सूचनाफलकावर लावण्यासाठी जाहिरात पाठवली होती. अपघातात डोक्याला मार लागलेली किंवा पक्षाघाताचा झटका येऊन गेलेली माणसं तिथे पुन्हा बोलायला, लक्षात ठेवायला, सदऱ्याची बटणं लावायला शिकत होती. त्यांना साहाय्यक पाहिजे होता. 'मानसशास्त्राचा पदवीधर. अनुभवाची अट नाही. अर्जासोबत प्रात्यक्षिकांची मूळ वही जोडावी.'

मी जाहिरात उतरवून घरी नेली. मुलीने ती दोनदा वाचली. "बाबा, हेच," ती म्हणाली. "हे मिळालं तर..." मी तिला इतकं घाबरलेलं कधी बघितलं नव्हतं. अर्ज तिने तिथेच लिहिला, जर्नल माझ्या हातात दिलं, आणि मी म्हणालो, "मी नेऊन देतो. काळजी करू नकोस."

इथून पुढे मी जे केलं त्याबद्दल मला कुणाचेही आभार मानता येत नाहीत.

बसमध्ये मी जर्नल पहिल्यांदा स्वतः वाचलं. पानापानावर खाडाखोड, आणि बहुतेक पानांवर तिच्या सरांचा लाल शेरा: 'निष्कर्ष पुस्तकाशी जुळत नाही. प्रयोग पुन्हा करा.' तिने एकही पुन्हा केला नव्हता. प्रात्यक्षिकात तिला गुण कमी का पडले ते मला तेव्हा कळलं. माझ्यामुळे! पुस्तकातली माणसं सरावाने सुधारतात आणि मी सरावाने बिघडत गेलो होतो. असल्या प्रयुक्ताची वही बघून तिला कोण नोकरी देणार? हा विचार मी तिच्यासाठी केला. थोडा स्वतःसाठीही केला. गावात आणखी एका ठिकाणी हसं व्हायला नको होतं. खरं सांगायचं तर निम्मा निम्मा.

माझं अक्षर चांगलं आहे. साहेबांची मोठी पत्रं अजूनही माझ्याकडून लिहून घेतात. मी एक नवी जाड वही आणली आणि तीन दिवस कार्यालय सुटल्यावर तिथेच बसून जर्नलची स्वच्छ प्रत केली. चार शब्दांचे नऊ केले. सगळीकडे नऊ बरे दिसेनात म्हणून काही ठिकाणी नम्रपणे आठ केले. त्रेचाळीस चुकांच्या तीन केल्या. 'प्रयुक्त झोपला' या जागी 'प्रयुक्त विचारमग्न होता' असं लिहिलं. मेहुण्याला काढून टाकलं. सरांचे लाल शेरे गाळले, पण त्यांची सही खोटी करायला मन धजेना. शेवटी मी लिपिक आहे, गुन्हेगार नव्हे. म्हणून कार्यालयीन पद्धतीप्रमाणे प्रत्येक पानाखाली 'सही/-' असं लिहिलं. वही केंद्रात नेऊन दिली आणि मूळ जर्नल कपाटात माझ्या सदऱ्यांखाली ठेवलं. मुलीला सांगितलं, "दिलं."

चार दिवसांनी पत्र आलं. 'एकोणतीस तारखेस मुलाखतीस यावे. सोबत प्रयुक्तास आणावे.'

मुलगी आनंदाने नाचायची बाकी राहिली. "बाबा, तुम्हालाही बोलावलंय!" मी पाणी प्यायलो. त्या संध्याकाळपासून मी तयारीला लागलो. बायकोला दहा वस्तूंची नावं वाचायला सांगितली आणि परत म्हणून दाखवली. चार. दुसऱ्या दिवशी चार. तिसऱ्या दिवशी पाच झाली, पण पाचवी वस्तू यादीत नव्हती. "अहो, तुम्ही होतात तसेच आहात," बायको म्हणाली. "बिघडलंय काय? घाबरता कशाला?" तिला काय सांगणार?

एकोणतीस तारखेला निघताना मी मूळ जर्नल सदऱ्यांखालून काढून पिशवीत टाकलं. ते कशाला बरोबर घेतलं ते मला तेव्हा सांगता आलं नसतं.

केंद्राच्या लांबलचक ओसरीत आम्ही बाकावर बसलो होतो. समोर एक उंच गृहस्थ भिंतीच्या कठड्याला धरून पावलं टाकत होते. पलीकडे एका आजींच्या मांडीवर फळी होती, फळीवर ताणून बसवलेलं कापड, आणि त्यावरचं एकच मोठं बटण त्या काजात घालायला बघत होत्या. चार वेळा निसटलं. पाचव्यांदा गेलं तेव्हा त्यांनी मान वर करून आमच्याकडे बघितलं आणि माझी मुलगी उभं राहून हसली. तिच्या चेहऱ्यावर ते हसू होतं आणि त्याच क्षणी मला कळलं की मला हे पुढे रेटता येणार नाही.

"बेटा," मी म्हणालो, "मी त्यांना तुझी वही दिली नाही."

मग सगळं सांगितलं. नऊ, आठ, विचारमग्न, सही. सांगून संपलं तेव्हा तिने विचारलं, "मूळ वही कुठे आहे?"

"पिशवीत."

"द्या."

तिने वही छातीशी धरली. "बाबा, वर्गातल्या सगळ्यांनी आकडे घरी बसून पुस्तकावरून लिहिले. सरांनी मलाही सुचवलं होतं, जुळव म्हणून. मी तीन वर्षांत एक आकडा बदलला नाही." आवाज चढवला नव्हता. "आणि तुम्ही..." एवढंच म्हणाली. एकतीस वर्षांत मी पाच साहेबांची बोलणी खाल्ली आहेत. एवढं कुणाचंच लागलं नव्हतं.

आत केंद्राच्या मुख्य बाई बसल्या होत्या. समोर माझी सुंदर वही उघडी होती आणि बाजूला इतर उमेदवारांच्या वह्यांचा ढीग. त्यांनी बसायला सांगितलं. मुलगी बसली नाही.

"मॅडम, तुमच्यासमोर आहे ती वही खोटी आहे. माझ्या वडिलांनी लिहिली आहे. माझी ही." तिने जर्नल टेबलावर ठेवलं. "माझा अर्ज रद्द केलात तरी चालेल. पण ती वही माझी म्हणून इथे राहायला नको."

मला वाटलं, संपलं. एकतीस तारखेचा अर्ज आणि ती शेजारची खुर्ची मला तिथूनच दिसायला लागली. मी उठून म्हणालो, "चूक माझी आहे, बाई. तिला काहीच माहीत नव्हतं. मी तिचा... मी प्रयुक्त."

"ते आलंच माझ्या लक्षात," बाई म्हणाल्या. "बसा. दहा शब्द सांगते, ऐका आणि परत सांगा."

त्यांनी दहा शब्द वाचले. मी सगळा जीव एकवटून ऐकले. चार सांगितले. मग डोळे मिटून आणखी एक सांगितला. त्यांनी कागदाकडे बघितलं, मग मूळ जर्नल उघडलं, पान शोधलं, आणि विचारलं, "हे शेवटचं नाव तुमच्या मेहुण्याचं का?"

मी मान खाली घातली. त्या हसल्या नाहीत. जर्नल वाचत राहिल्या. दहा मिनिटं एकेक पान उलटत गेल्या. मग त्यांनी ढिगाऱ्यावर हात ठेवला.

"ह्या बावीस वह्या आहेत. सगळ्या प्रयुक्तांना आठ-नऊ शब्द आठवतात. सगळ्यांचे आलेख पुस्तकासारखे. म्हणूनच मी प्रयुक्ताला बोलावते. बावीसांपैकी एकोणीस जणांना प्रयुक्त सापडलेलाच नाही. कुणाचा परगावी गेलाय, कुणाचा आजारी आहे." त्यांनी माझी सुबक वही मिटून त्या ढिगावर ठेवली. "ह्या सगळ्यांत तुमची सर्वांत देखणी आहे, एवढं मान्य करते." मग जर्नलकडे वळल्या. "आणि हा माणूस. झोपतो, टेबलाला दोष देतो, मेहुण्याला यादीत घालतो. इतका वाईट प्रयुक्त कुणी मनाने रचू शकत नाही. ही मुलगी खरोखर समोर बसली होती, आणि जे दिसलं तेच तिने लिहिलं."

आयुष्यात माझ्याबद्दल कुणी इतकं चांगलं बोललं नव्हतं.

"आणि हे," त्या मुलीला म्हणाल्या, "प्रयोग एकोणतीस, पानाच्या पाठीवर, फिकट पेन्सिलीने. वाचून दाखवू?" तिने घाईने मान हलवली, नको म्हणून. बाईंनी वाचलंच. "'प्रयुक्ताने यादी चोरून पाहिली. ते प्रयोगकर्तीला दिसले नाही असे प्रयुक्तास वाटते. माझे गुण वाढावेत हा हेतू असावा. या प्रयोगाचे आकडे धरलेले नाहीत.'"

प्रत करताना ही फिकट टीप माझ्या नजरेतून सुटली होती. ती यादी मी चहाच्या कपाआडून बघितली होती. वर्ष होत आलं त्याला. इतके दिवस मी समजत होतो की ते फक्त मला ठाऊक आहे.

"तू त्यांना बोलली का नाहीस?" बाईंनी विचारलं.

"त्यांना वाईट वाटलं असतं," मुलगी म्हणाली. "आणि आकडा खरा ठेवायला त्यांना बोलायची गरज नव्हती."

बाईंनी जर्नल मिटलं. "आमच्याकडची माणसं हेच करतात. घरचे भेटायला आले की बरं वाटतंय असं दाखवतात. हात दुखतो, सांगत नाहीत. आठवत नाही, आठवल्यासारखं करतात. समोरच्याला बरं वाटावं म्हणून. ज्याला ते दिसत नाही त्याच्या हातून त्यांना मदत होत नाही. आणि ज्याला दिसतं पण जो तोंडावर बोलून दाखवतो, त्याच्याकडूनही होत नाही." मग मुलीकडे वळून म्हणाल्या, "एक तारखेला आठ वाजता ये. सहा महिने बघू. पुढचं शिक्षण इथे काम करता करता करता येईल. वडिलांना रोज आणायची गरज नाही."

बाहेर ओसरीत आल्यावर मुलीने माझा दंड धरला. रागावलेली होती की नव्हती, मला अजूनही सांगता येणार नाही. "बाबा," ती म्हणाली, "पुन्हा माझं काही सुधारून लिहू नका." मी कबूल केलं. आणि बस येईपर्यंत ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून उभी राहिली, भर रस्त्यात, लोक बघत असताना. माझ्यावर कुणाचे इतके उपकार असतील आणि ते फेडावेत असं मला वाटतही नसेल, असं पहिल्यांदाच झालं.

एकतीस तारखेला मी साहेबांना सांगितलं की अर्ज येणार नाही. त्यांनी दोनदा विचारलं, सावकाश. मी दोन्ही वेळा तेच उत्तर दिलं.

एक तारखेला ती संध्याकाळी सातला घरी आली. बायको आणि मी टेबलाशी वाट बघत बसलो होतो. तिने चपला काढल्या, तोंड धुतलं आणि समोर येऊन बसली.

"काय झालं? कोण कोण होतं? त्या बटणवाल्या आजी होत्या का?" मी एका दमात विचारलं.

"तिथल्या माणसांबद्दल घरी बोलायचं नसतं, बाबा."

"अगं, आम्ही कुणाला सांगणार?"

"नाही म्हणजे नाही." मग कप हातात घेत म्हणाली, "तुम्ही सांगा. तुमचा दिवस कसा गेला?"

"माझा? बरा गेला."

तिने कप तसाच हातात धरला. नुसती माझ्याकडे बघत राहिली. तिला घाई नव्हती. बायकोने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि तीही खुर्ची जवळ ओढून बसली.

"बरा नाही गेला," मी म्हणालो. "कशात लक्षच लागलं नाही. सारखं घड्याळ बघत होतो. तुला तिथे जमत असेल का, तुला कुणी रागावलं तर नसेल, तू जेवलीस की नाही. चार कागदांवर चुकीचा क्रमांक टाकला. आणि तरी पोरी, आज मला इतकं बरं वाटतंय, इतकं बरं वाटतंय की काय सांगू."

तिने माझा चेहरा नीट निरखून बघितला.

"हो," ती म्हणाली, "हे खरं आहे," आणि चहाचा घोट घेतला.